रंध्याचा हात

नाही, पण हात कुणाचा? माझा! मग मला विचारायला यांची जीभ झिजते काय? तुम्हाला सांगतो, दोन्ही किडन्या बसल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं यंत्र मागे लागलं, तेव्हा त्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "आजोबा, सही कोणत्या हाताने करता?" म्हटलं, उजव्या. करतोच! मास्तरांनी डाव्यावर छड्या ओढून ओढून शिकवलेलं तेवढंच तर टिकलंय. "मग डाव्यात फिस्टुला करू!" की दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून बाई मोकळ्या! अहो, सही वर्षातून एकदा करतो, रंधा रोज मारतो, आणि तो डाव्याने! पण सुताराला विचारतंय कोण?

तेव्हापासून हा हात म्हणजे घरातला जावई! वजन उचलायचं नाही, घड्याळ बांधायचं नाही, बीपी मोजायचं नाही. आत मधमाश्यांचं पोळं घोंघावतं... ते थांबलं की सुया टोचायला जागा नाही, यंत्र बंद, म्हणजे मीही बंद. म्हणून बायको रोज सकाळी त्या हाताला कान लावते. "वाजतंय हो!" म्हणते नि चहा टाकते. मी कसा आहे? छे, विचारतंय कोण!

मग दम लागायला लागला. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, "या हातातून रक्त धो धो परततंय, हृदयावर ताण येतोय. बंद करा!" किडनीवाले म्हणतात, "बंद? मग सुया कुठे टोचू, भिंतीत?" दोघं माझ्या डोक्यावरून भांडतायत आणि मी मध्ये, मागून उघडा झगा घालून...

आणि काय सांगू, शेवटी विचारलं! किडनीवाले वळले. "आजोबा, हाच जरा आवळून रक्ताचा जोर कमी करू, की उजव्यात नवा करू? नवा तयार व्हायला दोन-तीन महिने, तोवर मानेत नळी, त्यात जंतूंचा धोका. पण रंध्याचा हात सुटेल. बोला."

झालं! जन्मभर तोंडाचा पट्टा चालवणारा मी वळलो कुणाकडे? हिच्याकडे पाहिलं. ही माझ्या डाव्या हातावर तळवा दाबून बसलेली, आतलं पोळं उडून जाईल की काय अशी. म्हटलं, "साहेब, हिलाच विचारा."

"आवळा," ही म्हणाली. "रंधा मी मारते."

आवळला. दम गेला, हात वाजतोय, कान लागतोय. आणि परवा हिने स्टुलाची फळी रंधली... एका बाजूला जाड, एका बाजूला पापुद्रा! म्हटलं, अगं, रंधा तिरका धरतेस...

"तुम्ही हात सांभाळा!"

सांभाळतोय. त्याच स्टुलावर बसून, डावीकडे घसरत. विचारतंय कोण?