सायमी मासे धरायला गेली तो शनिवार

हॅलो? … कोण, हेल्मी? अगं बोल ना… हो, घरीच आहे. आत्ता आहे. सकाळी नव्हते…

कुठे म्हणजे? तळ्यावर. मासे धरायला.

हसतेस काय! … नाही गं, कोणाबरोबर नाही. एकटीच. आर्वोची बोट घेऊन.

हो, हो… अगं ऐक ना! आधी ऐकून घे, मग ओरड.

आज मासेमारीचा मोसम सुरू झाला ना. आर्वो जाऊन सहा महिने झाले, नवरा नाही म्हणून काय तो शनिवार यायचा थांबतो? एकेचाळीस वर्षं बघतेय मी. पहाटे आर्वोचा दोस्त रुडी आणि त्याचे ते चौघे दारात हजर. बूट न काढता सरळ आत. कॉफी, वेलदोड्याचा पाव, आणि आर्वोचा आरडाओरडा, 'आटपा रे, मासे काय तुमची वाट बघत बसलेत?' … हो ना. तर आजही केलं मी सगळं. दोन मोठे पाव भाजले. कॉफीचं मोठं भांडं चढवलं…

नाही. कोणी नाही आलं.

पाच वाजले, सहा वाजले… खिडकीतून बघते, तर त्यांच्या बोटी समोरून चाललेल्या. पलीकडच्या सरकारी धक्क्यावरून उतरवल्या होत्या. दरवर्षीसारख्या आपल्या धक्क्यावरून नाही.

रडले बिडले नाही. राग आला. आर्वोचा कोट चढवला आणि निघाले.

येते गं चालवता! इतकी वर्षं काठावरून बघत नव्हते का? … बरं, नुसतं बघून येत नाही. मान्य.

ऊन होतं तेव्हा, अगदी लख्ख. नदी तळ्यात शिरते ना, तिथे गेले. मोसमाच्या सुरुवातीला आर्वो तिथेच जायचा. पाणी असं गार, हातांची लाकडं झाली. गळ तळाला टेकवायचा, जरासा उचलायचा, परत टेकवायचा… आणि अर्ध्या तासात लागला की! वॉलआय मासा. चांगला हातभर. ते काचेसारखे डोळे… आणि मी ओरडले, हेल्मी. 'आर्वो, जाळी आण!' म्हणून.

… …

आहे. आहे मी.

मग हवा फिरली. वायव्येचा वारा, आणि पाऊस ना बर्फ असलं काहीतरी, तिरपं, तोंडावर. सकाळी एका ओढीत लागलेलं इंजिन आता चालू होईना. दोरी ओढ ओढ ओढली. बोट आपली खडकांकडे… अगं थांब! बोलतेय ना तुझ्याशी? म्हणजे जिवंत आहे.

रुडीने पाहिलं. दोर टाकला, ओढत आणलं घरापर्यंत.

विचारलं ना, तोंडावर विचारलं. का रे आला नाहीत? टोपी काढून भिजत उभा. म्हणे, 'सायमी, आम्हाला बघून तुला त्रास होईल असं वाटलं.' … तेच तर! त्रास म्हणे. आत ये म्हटलं, तर म्हणे बाकीचे खोळंबलेत. आणि जाता जाता विचारतो, बोट विकणार आहेस का?

नाही गं, माणूस चांगला आहे. मनात काही वाईट नाही त्याच्या. पण आजच?

म्हटलं, नाही. पुढच्या शनिवारी मलाच लागणार आहे. इंजिन कसं चालू करायचं तेवढं शिकव येऊन.

'बघतो' म्हणाला … हो ना. 'बघतो.' पाव दिले बांधून पाचही जणांना. ते मात्र घेतले.

तुझ्याकडे डुलुथला राहायला? नाही येणार… हेल्मी, आज नको तो विषय.

काय करणार, जेवणार. साफ केला, लोण्यात परतला. एवढा मोठा मासा, आणि खाणारी मी एकटी.

ऐक, एक करशील? माझं जेवण होईपर्यंत फोन ठेवू नकोस. बोलू नकोस काही. तू तुझं विणत बस… हो. नुसती बस.

… …

अं? … काही नाही, काटा होता.

… …

हेल्मी? … हॅलो? … हॅलो? … गेली वाटतं लाइन.

… …

छान झालाय गं मासा. मीठ जरा कमी पडलंय, एवढंच.