फ्रेम गेली असणार

नाही नाही, गटिंग नको, वानेस, तारा तू गेल्याच महिन्यात नव्या घातल्यास, त्यात काही खोट नाही — फ्रेम बघ म्हणतेय मी, फ्रेम. नऊ वर्षं झाली या रॅकेटला. आठवड्यातून तीन दिवस, उन्हाळ्यात कोर्टवर आणि हिवाळ्यात हॉलमध्ये. तूच म्हणाला होतास ना, दर वेळी तारा ताणल्या की फ्रेम थोडी थोडी मऊ पडत जाते, बाहेरून काही दिसत नाही पण आतून जीव जातो? मग गेला असणार जीव. रंग बघ, डोक्यापाशी पार खरवडून निघालाय, ही प्लास्टिकची भोकं झिजलीत, एक तर फुटलंय — ते नुसतं बदलता येतं? बरं. ते बदल. पण तेवढ्यानं भागायचं नाही. चेंडू बसतच नाही रे. पूर्वी मारला की मनगटापर्यंत कळायचं, बसला. आता काही कळत नाही. ओल्या उशीवर मारल्यासारखं.

हातावर आपटून ऐक की. तू नेहमी ऐकतोस तसं, कानाशी धरून. तडा असला तर करकरते ना? — नाही करकरत? परत आपट. जरा जोरात. घाबरू नकोस, माझीच आहे, फुटली तर फुटली, बरंच होईल. गळ्यापाशी नखानं चाचपून बघ. केसाएवढा तडा असला तरी चालेल मला... चालेल म्हणजे, कळेल तरी. मी काल दवाखान्यातला भिंगाचा दिवा लावून बघितली, अर्धा तास. माझी मदतनीस आत आली, नेले, म्हणाली, "डॉक्टर, रॅकेटच्या दाढेत कीड आहे का?" हसलो आम्ही. म्हणजे ती हसली.

कारण काय, विचारतोयस? रविवारी काय झालं ते तुला रोझलिननं सांगितलंच असेल, क्लबात एव्हाना सगळ्यांना ठाऊक असेल. सरावाचा सामना होता, रोझलिन आणि मी नेहमीच्या जोडीनं, मी जाळ्याशी. सोपा चेंडू, छातीच्या उंचीचा, डोळे मिटून मारावा असा. मी मारायला गेले आणि रॅकेट हातातून निघूनच गेली. सुटली नाही, वानेस — सुटताना कळतं माणसाला, घाम असतो, ग्रिप घसरते. मला कळलंच नाही. हात तसाच वर, आणि रॅकेट रोझलिनच्या घोट्यावर. केवढी ओरडली ती! मग बिअर झाली, मोहरीत बुडवून चीज खाऊन झालं, घोट्यावर बर्फ ठेवून बसली होती, आणि मध्येच मला म्हणते, "लीव्ह, तू अलीकडे उजव्या हातात पिशवी धरल्यासारखी का चालतेस गं? हात हलतच नाही तुझा." मी म्हटलं, खांदा धरलाय, या जुनाट रॅकेटनं. पटलं तिला. पटलं असावं.

अरे हो, तुझं ते यंत्र आहे ना, ताठपणा मोजायचं! लाव की त्यावर. आकडा खोटं बोलत नाही. लाव लाव, मी थांबते, आज दुपारचे पेशंट मी लावलेच नाहीत. नवीन असताना किती होता? सदुसष्ट? आणि आता? ... नीट बसवलीस का तू? पासष्ट? दोनच कमी? नऊ वर्षांत? परत लाव. उलटी करून लाव. — अरे हसतोस काय, विकायला बसलायस ना तू, दुसऱ्या कुणी एव्हाना तीन नव्या रॅकेटी माझ्यासमोर मांडल्या असत्या, आणि तू मला सांगतोस की अजून पाच वर्षं जाईल! तुला धंदा कळत नाही. आईवर गेलायस.

बरं, नको विकूस. पण म्हण तरी. नुसतं म्हण, "डॉक्टर, ही गेली, बदला आता." तेवढ्यासाठी आलेय मी.

असा बघू नकोस. ऐक... माझ्याकडे हिची जोडीची आहे. तूच दिली होतीस, एकाच दिवशी दोन, तेच वजन, तेच सगळं. ती कपाटातच असते, फार तर दहा वेळा खेळले असेन. सोमवारी सकाळी ती घेऊन एकटी भिंतीशी गेले. चेंडू तिच्यावरही तसाच. मऊ. आणि चौथ्या का पाचव्या फटक्याला तीही खाली पडली. तांबड्या मातीत आडवी, आणि मी तिच्याकडे बघत उभी. बाजूच्या कोर्टवर मुलांचा वर्ग चालला होता. मी वाकून बूट बांधल्याचं नाटक केलं. नाटक करताना लेसची गाठही बसेना.

म्हणून म्हणते, दोन्ही फ्रेमा खराब असू शकतात, नाही का? एकाच खेपेच्या. होतं असं. — होत नाही?

माझे वडील शिंपी होते, तुला माहीत नसेल, ब्रूल रस्त्याच्या मागच्या गल्लीत दुकान होतं. चोपन्नाव्या वर्षी त्यांनी वर्षभरात तीन कात्र्या घेतल्या. "धार गेली गं, गोदेलीव्ह, कापड चावतेय." मी पंधराची, मीच न्यायचे धार लावायला, आणि धारवाला म्हणायचा, पोरी, हिनं दाढी होईल. मी घरी येऊन सांगायचे, बाबा, दाढी होईल म्हणतो! आम्ही सगळे जेवताना हसायचो. बाबाही. मग एकदा आईनं त्यांच्या शर्टाची बटणं लावली, सगळ्यांसमोर, आणि त्यानंतर कुणी हसलं नाही. सोळा वर्षं जगले त्यापुढे. शेवटी चमचासुद्धा — जाऊ दे. थरथर नाही हं मला! बघ. बघ ना, हात किती स्थिर आहे. बाबांचाही आधी असाच स्थिर होता.

नाही, डॉक्टरला नाही दाखवलं. मीच डॉक्टर आहे. दातांची असले म्हणून काय झालं, डोकं आहे मला. दाखवलं की ते नाव घेणार, आणि नाव घेतलं की झालं.

मंगळवारी एक पेशंट होते, निवृत्त पोस्टमन, ऐंशीचे. खालची दाढ, साधं भरायचं काम. ड्रिल फिरत होतं आणि तसंच झालं, जाळ्याशी झालं तसंच. हात माझा, पण निरोप पोचलाच नाही. जिभेला लागलं. दोन टाके. खूप रक्त नाही आलं... आलं, बरंच आलं. आणि टाक्याची गाठ मला तीनदा घालावी लागली. ते बिचारे भूल दिलेल्या तोंडानं म्हणतात, "होतं डॉक्टर, मीही कधी कधी चुकीच्या दारात टाकायचो पत्रं." जिभेऐवजी घसा असता तर? तू सांग. मी काल सहा पेशंट तपासले. सहाही वेळा स्वतःला म्हटलं, टेनिसनं दुखावलाय हात, रॅकेट बदलली की होईल.

काय? कुणाची? तुझ्या आईची? उद्या सकाळी? ... अरे हो, अक्कलदाढ. आडवी वाढलेली, नसेला चिकटून. बघितलाय मी तो एक्स-रे. मरियेत्ता मला म्हणाली होती, लीव्ह, तुझ्याशिवाय कुणाला तोंड उघडून देणार नाही मी.

दे ती रॅकेट इकडे. नको, पिशवीत नको घालूस. ठेव तशीच.

वानेस, आई माझ्याकडे येणार नाही. ऐकलंस? रडली, भांडली तरी नाही. दुसरीकडे ने, मोठ्या दवाखान्यात ने, मी पत्र देते — नाही, पत्र नेले टाइप करून देईल, माझं अक्षर हल्ली मुंगीएवढं झालंय. थांब, फोन करते, आत्ताच करते, घरी गेले की माझं मन फिरेल. तू ते बटण दाब जरा. हं.

नेले? मी बोलतेय. ऐक, उद्याचे सगळे रद्द कर. सगळे. परवाचेही. पुढच्या आठवड्याचे... नाही गं, सर्दी नाही. खांदाही नाही. विचारलं तर सांग, डॉक्टरांचा हात — नेले? अगं, रडतेस कशाला? काय म्हणालीस? तुला माहीत होतं?

वानेस, तू जरा आत जा. जा म्हणते ना.

हं, बोल नेले. कधीपासून?