मोठ्यातून लहान वजा करायचं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समितीचे अप्पाराव औताडे, मुख्याध्यापिका सुरेखा मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या रत्नमाला साळवे बाई आणि त्यांचे यजमान मोतीराम काका, शिक्षकवर्ग, पालक आणि पंखा आपल्याकडे वळत नाही म्हणून मघापासून तक्रार करणाऱ्या पुढच्या चार रांगा, आपणा सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

माझं नाव राजनंदिनी. मी या शाळेची विद्यार्थिनी नाही. वाळूजच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्याचं काम मी करते. या मे महिन्यात माझी पाळी दुपारी तीनची होती, सकाळ मोकळी होती, म्हणून बाईंच्या उन्हाळी गणित वर्गाला मदत करायला आले. ओळख एवढीच. त्यामुळे बाईंच्या पस्तीस वर्षांच्या सेवेबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. मी सहा आठवड्यांबद्दल बोलणार आहे.

खरं तर मी बोलणारच नव्हते. बाई म्हणाल्या, स्तुती करणारे पुष्कळ आहेत, तू माझी चूक सांग. सुरेखा मॅडम, हा विषय आजच्या दिवशी नको असं आपण सुचवलं होतं आणि मी ते बाईंना कळवलंही. त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा आपली आधीच माफी मागते.

पाचवीला आता वार्षिक परीक्षेत नापास झालं, तर जूनमध्ये पुन्हा परीक्षा द्यावी लागते. तीही गेली तर त्याच वर्गात राहायचं. वर्गातल्या तेवीस मुलांपैकी चौघांसमोर ही जूनची परीक्षा होती. त्यातली एक संस्कृती. तिचं नाव घेते आहे, कारण तिची परवानगी मी काल घेतली. तिचा धाकटा भाऊ ऋतुराज चौथी पास होऊन पाचवीत येणार होता. त्यानं गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं, की जूनपासून ताई माझ्या वर्गात, मी मॉनिटर होणार आणि ती मला विचारून पाणी प्यायला जाणार. ऋतुराज, तू हसतो आहेस. तेव्हा ती हसत नव्हती. डब्यातली पोळी न खाता घरी परत नेत होती.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांची चाचणी घेतली. वीस गणितं, चाळीस मिनिटं. रात्री कंपनीतून आल्यावर संगणकावर तक्ता केला, गुणांप्रमाणे तीन गट पाडले. संस्कृतीला वीसपैकी सहा. सर्वांत शेवटी. एका मुलाला तेरा, तो पहिल्या गटात. त्याचं नाव सांगत नाही, कारण परवानगी मागितल्यावर तो पळून गेला.

बाईंनी तक्ता बघितला, छान झालाय म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. मग उत्तरपत्रिका मागितल्या. दोन दिवस त्या नुसत्या उत्तरपत्रिका वाचत होत्या. मला वाटलं, वेळ वाया जातो आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझे गट मोडले. तेरा गुणांच्या मुलाला स्वतःकडे घेतलं आणि म्हणाल्या, याला सगळी सुट्टी लागेल. संस्कृतीला माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, हिला चार दिवस.

का, ते मी विचारलं. त्यांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले. त्या मुलाच्या सात चुका सात तऱ्हेच्या होत्या. एकदा पाढा चुकला, एकदा शून्य विसरला, एकदा प्रश्नच नीट वाचला नाही. संस्कृतीच्या चौदा चुका म्हणजे एकच चूक होती, चौदा वेळा केलेली. बासष्टमधून अडतीस गेले, तिचं उत्तर छत्तीस. पाचशेमधून एकशे सदतीस गेले, उत्तर चारशे सदतीस. प्रत्येक स्थानावर ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. मग तो अंक वर असो की खाली. हातचा नाही, काही नाही. भागाकारात वजाबाकी आली, तिथंही तेच. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, तिथंही तेच.

माझ्या कामात हे रोज येतं. एखादं उपकरण दर वेळी नेमकं तेवढंच जास्त दाखवत असेल, तर ते वाईट नसतं. त्याचं शून्य सरकलेलं असतं, ते जागेवर आणलं की काम झालं. दर वेळी वेगळं दाखवणारं उपकरण अवघड. हे मला कॉलेजात शिकवलं, त्यावर मला पगार मिळतो, आणि तरी तेवीस मुलांना मी फक्त बरोबर उत्तरं मोजून रांगेत उभं केलं. का केलं असेल? चुका मोजणं सोपं असतं, वाचायला वेळ लागतो, हेच उत्तर मला मिळालं. त्याहून बरं अजून सापडलेलं नाही.

तर मी संस्कृतीला घेऊन बसले. काड्या आणल्या, दहादहाचे गठ्ठे बांधले. सहा गठ्ठे, दोन सुट्या. यातून अडतीस काढ. तिनं एक गठ्ठा सोडला, मोजून अडतीस बाजूला केल्या, उरल्या चोवीस. एकदाही अडखळली नाही. मग तेच गणित वहीत मांडायला सांगितलं. तिनं लिहिलं, छत्तीस.

मी विचारलं, यातलं खरं कोणतं? ती म्हणाली, "काड्यांचं चोवीस. वहीतलं छत्तीस."

मी म्हटलं, असं दोन नसतं. तिनं मला समजावलं, "ताई, वहीत नियम असतो. मोठ्यातून लहान वजा करायचं. बाईंनी सांगितलंय. तुम्ही आत्ता आल्या, बाई दुसरीपासून आहेत."

तीन दिवस हेच चाललं. ती हट्टी नव्हती. मी काड्यांनी सिद्ध करत होते आणि ती काड्यांपुरतं मान्य करत होती. चौथ्या दिवशी मी तक्रारीच्या सुरात बाईंना सांगितलं, की ही मुलगी स्वतःची चूक तुमच्या नावावर ढकलते आहे.

बाई फळ्यावर काही लिहीत होत्या. त्यांनी खडू खाली ठेवला. "ते वाक्य माझंच आहे," त्या म्हणाल्या. "दुसरीत पोरं उलटं मांडून तीनमधून आठ वजा करायची, म्हणून सांगितलं होतं. हातच्याची वजाबाकी आली की ते मागं घ्यायचं असतं. मी मागं घेतलं नाही."

त्या वर्षीचा हजेरीपट मी नंतर पाहिला. हातच्याच्या वजाबाकीच्या तीन आठवड्यांत बाईंना मतदार यादीच्या कामाला पाठवलं होतं आणि वर्ग दुसऱ्या वर्गाला जोडला होता. ही नोंद माझी आहे. बाईंनी हे कारण कुणालाही दिलं नाही, मलासुद्धा नाही.

त्या संस्कृतीशेजारी खाली सतरंजीवर बसल्या. आवाज नेहमीचाच होता, त्यामुळे सगळा वर्ग ऐकत होता. त्या म्हणाल्या, "संस्कृती, मी तुला दुसरीत अर्धंच सांगितलं. तू ते नीट पाळलंस. चूक माझी आहे, तुझी नाही."

आपल्याला वाटेल, मुलगी रडली असेल. नाही. तिनं सरळ विचारलं, "मग बाकीच्यांना सांगितलं का?"

बाकीच्यांना सांगितलंच नव्हतं. त्या वर्षी दुसरीच्या वर्गात एक्केचाळीस मुलं होती. बहुतेक जण काठावर का होईना, पास होत आले होते, म्हणून कुणी त्यांच्या वह्या उघडल्या नव्हत्या. त्या दिवशी दहा मे होती. बाईंच्या सेवेचे एकवीस दिवस उरले होते, तेही सुट्टीतले.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग नऊला सुटला की आम्ही हर्सूलमधली घरं शोधायला निघायचो. मुलाला तीन गणितं द्यायची, वही बघायची, पुढचं घर. काही पालकांना वाटलं, बाई निवृत्तीची पत्रिका द्यायला आल्यात. एका घरी तर आहेराची साडीच पुढं आली. शहागंजात दुकानावर बसलेल्या एका मुलानं तिन्ही गणितं गिऱ्हाईक सांभाळत तोंडी करून दाखवली आणि विचारलं, बाई, सुट्टीत पण?

एक मुलगा, शिवम, आजोबांकडे देवगाव रंगारीला गेला होता. बाई एसटीनं तिथं गेल्या, माझी साप्ताहिक सुट्टी होती म्हणून मीही गेले. भर दुपार होती. आजोबा कडुबा बाजेवर बसले होते. येण्याचं कारण ऐकून म्हणाले, "वजाबाकीपायी एष्टीनं आल्या? फोन करायचा ना बाई."

बाई म्हणाल्या, फोनवर गठ्ठा कसा सोडू?

"अन् चूक लेकराची नाय, तुमची हाय म्हणता?"

"व्हय, माझी."

"मग जरा थांबा. शेजारच्या दोघा-तिघांना बोलवू द्या. मास्तरांनी चूक कबूल केल्याली इथं कुणी पाह्यली नाय."

त्यांनी खरोखर बोलावलं. काड्या नव्हत्या, म्हणून तुराट्यांचे तुकडे केले. तीन म्हातारे बाजेवर, शिवम खाली, आणि बाई त्याला दहाचा गठ्ठा सोडायला लावत होत्या. शिवमला कळायला पंचवीस मिनिटं लागली. म्हाताऱ्यांपैकी एकजण अजून पटलं नाही म्हणत होता, पण आमची एसटी आली.

आता आकडे. एक्केचाळीसपैकी तेहेतीस मुलं सापडली. संस्कृती धरून सहा जणांना ती सवय होती. पाच जणांची सुटली. एकाची पूर्ण सुटलेली नाही, घाई झाली की परत येते. हा सहावा गाळू नकोस, असं बाईंनी मला बजावलं आहे. आठ मुलं सापडली नाहीत, त्यांची कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली. त्यांची नावं सभागृहाच्या दाराशी फळ्यावर लिहिली आहेत. कुणाला पत्ता माहीत असेल, तर जाताना तिथं लिहावा. बाईंनी आज भेटवस्तू आणू नका असं सांगितलं होतं, त्याऐवजी हे चालेल.

एकतीस मेला बाई निवृत्त झाल्या. परीक्षा जूनमध्ये होती. परीक्षेच्या दिवशी त्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. सुरेखा मॅडमनी आत बोलावलं, तर म्हणाल्या, आता मी कर्मचारी नाही. संस्कृती बाहेर आली. पेपर कसा गेला, हे बाईंनी विचारलं नाही.

"किती ठिकाणी दशक मोडला?" त्यांनी विचारलं.

"अकरा ठिकाणी," ती म्हणाली. "त्यातला एक उगाच मोडला होता. मग परत जोडून टाकला."

दहा ठिकाणी दशक मोडणं रीत पाठ करूनही जमतं. न लागणारा दशक परत जोडायला मात्र तो कशाचा बनलेला आहे, हे कळावं लागतं. निकाल आठ दिवसांनी लागला, पन्नासपैकी चौतीस. पण माझ्या मते तो फाटकाशीच लागला होता, आणि बाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या लगेच घरी जायला निघाल्या. संस्कृती सहावीत आहे. ऋतुराज पाचवीत आहे आणि पाणी प्यायला स्वतःच्या मॉनिटरला विचारून जातो.

बाई, आपण मला या वर्गात घेतलंत आणि माझा तक्ता मोडलात, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. अध्यक्ष महोदय, ठरलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटं जास्त घेतली, ती आपण घेऊ दिलीत, आपलेही आभार. इतका वेळ शांत बसलेल्या पुढच्या चार रांगांचे विशेष आभार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, तर सांभाळून घ्या म्हणणार नाही. कार्यक्रम संपल्यावर मी दाराशी थांबते. कुठं चुकलं, ते तेवढं दाखवून द्या.

नमस्कार.