सहा तारीख सोडून

(हडपसरमधलं एक प्रसूतिगृह. ऑपरेशन थिएटरबाहेरचा बाक. सहा डिसेंबर, दुपार.)

प्रज्ञेश : बाबा, प्लीज, जरा हळू बोला. शर्मिलाला आत ऐकू जाईल.

सुखदेव : तिला पूर्ण भूल दिलीय, तूच म्हणालास. मला एवढंच सांग, डॉक्टरांनी सिझरची तारीख कुठली दिली होती?

प्रज्ञेश : आजचीच. बुधवारी सोनोग्राफी झाली तेव्हा मॅडम म्हणाल्या, बाळाभोवतीचं पाणी कमी होतंय, सहाला सकाळी करून टाकू. मी विचारलं, एक दिवस पुढे चालेल का.

सुखदेव : का?

प्रज्ञेश : का म्हणजे? हे तुम्ही मला विचारताय?

सुखदेव : विचारतोय.

प्रज्ञेश : महापरिनिर्वाण दिन आहे आज. तुम्ही पांढरे कपडे घालून थेट कॅम्पातून, पुतळ्याला अभिवादन करून इथे आलाय. आपल्या घरात आज टीव्हीसुद्धा लागत नाही. अशा दिवशी मी पेढे वाटायचे?

सुखदेव : मग डॉक्टर काय म्हणाल्या?

प्रज्ञेश : त्यांनी विचारलं, एनी रीझन? मी म्हटलं, फॅमिली मॅटर आहे. तर म्हणाल्या, ठीक आहे, एक दिवस थांबू, पण बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच या, अजिबात वाट बघू नका.

सुखदेव : आणि कमी कधी वाटली?

प्रज्ञेश : सकाळी.

सुखदेव : सकाळी वाटली आणि आलात दुपारी. छान. मोठ्या कंपनीत टीम सांभाळतोस म्हणे.

जया : अहो, बस करा ना. पोराचं तोंड पाहा कसं झालं.

प्रज्ञेश : मला तिनं सांगितलंच नव्हतं. सकाळी तुमची वंदना चालू होती, ती मागे बसली होती, पोटावर हात ठेवून. मला वाटलं थकली असेल. आई, तुला बोलली होती ना, सांग बाबांना.

जया : मले बोलली. म्हणे, आई, आज बाळ लाथ मारत नाई. मी म्हटलं, गोड खा काहीतरी आन् डाव्या कुशीवर पड. गूळ दिला तिले. मग म्हणे, हललं वाटते जरासं. दुपारी हललंच नाई, तवा पळत आणलं तिले.

सुखदेव : आणि मला कळवावंसं नाही वाटलं तुला.

जया : कसं कळवू? आजच्या दिवशी फोन घरी ठेवूनच जाता तुमी. तो काय टेबलावर वाजत होता. शेवटी तुमच्यासंग गेलेल्या कचरूभाऊच्या फोनवर लावला, तवा सापडले.

प्रज्ञेश : आणि शर्मिलानंच आईला अडवलं होतं. आई, बाबांना परत यायला लावू नका म्हणाली. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सकाळी तर जायचंच आहे.

सुखदेव : वा. म्हणजे घरभर सगळ्यांना माहीत. मी सोडून.

प्रज्ञेश : तुमच्यासाठीच केलं ना सगळं.

सुखदेव : माझ्यासाठी? माझ्या बापानं नागपूरला दीक्षा घेतली आणि वर्ध्याला घरी पोचल्यावर पहिलं काम काय केलं, तर पंचांग चुलीत घातलं. माझ्या लग्नाला मुहूर्त नव्हता. पाहुणे जमले, लग्न लागलं. आणि तू, एवढा शिकलेला, डॉक्टरला म्हणतोस तारीख पुढे ढकला. मुहूर्त काढलास प्रज्ञेश तू. पोटातल्या लेकरासाठी मुहूर्त काढलास.

प्रज्ञेश : मुहूर्त नव्हता तो.

सुखदेव : मग काय होतं?

प्रज्ञेश : तुमची भीती होती.

सुखदेव : माझी?

प्रज्ञेश : अपेक्षाचा वाढदिवस कधी असतो, बाबा?

सुखदेव : तिचा इथे काय संबंध?

प्रज्ञेश : सांगा ना. तुमच्या सख्ख्या भावाची मुलगी. जन्म कधीचा आणि वाढदिवस कधी?

जया : आजचाच जन्म तिचा. एवढीशी होती, फ्रॉक घालून केकचा तुकडा घेऊन आली होती यायच्यासाठी. यायनं म्हटलं, उद्या घेऊन ये. दारातच रडली पोरगी.

प्रज्ञेश : अजूनही ती ऑफिसात वाढदिवस सात तारीख सांगते. आणि हे तुम्ही शर्मिलाला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलंत. कौतुकानं. आमच्या घरातली पोरंसुद्धा हा दिवस पाळतात म्हणून.

सुखदेव : मी पाळायला लावत नव्हतो कुणाला. ती बातमी कळल्यावर माझ्या बापाच्या तोंडात दोन दिवस घास गेला नव्हता. आईनं सांगितलेलं. तेवढं तरी आपण ठेवावं, असं वाटायचं मला.

प्रज्ञेश : मला कळतं ते. पण दिवाळीत जेवताना काय म्हणालात तेही आठवा. शर्मिला वाढत होती. तुम्ही म्हणालात, बाळानं डिसेंबरात कधीही यावं, सहा तारीख सोडून.

सुखदेव : हसत म्हणालो होतो.

प्रज्ञेश : ती हसली नव्हती.

जया : दार उघडलं बघ. सिस्टर तुलेच बोलावून राहिली. जा लवकर.

प्रज्ञेश : आई, मला भीती वाटतेय.

जया : जा बाळा. आमी इथंच हाओत.

सुखदेव : जया, त्या सिस्टरचा चेहरा पाहिलास?

जया : नाई पाहिला. तुमीही पाहू नका. बसा. पाणी प्या.

सुखदेव : आठ वर्षं वाट बघितली यांनी. किती डॉक्टर झाले. आपण तोंडानं एक शब्द काढला नाही, सुनेला त्रास नको म्हणून. आणि शेवटी शब्द काढला तर हा काढला.

जया : आता तेच उगाळत बसू नका.

सुखदेव : सकाळी मेणबत्ती लावली पुतळ्यापाशी. गर्दीत उभा होतो, डोळे भरून आले दरवर्षीसारखे. आपण तिथे काही मागत नाही. मागायला जातच नाही. आयुष्यभर अभिमान होता मला त्याचा, कुणापुढे हात जोडून काही मागितलं नाही म्हणून. आता मागावंसं वाटतंय, तर कुणाकडे मागू?

जया : डॉक्टरनीकडं मागा.

सुखदेव : तिच्याकडे कुठल्या तोंडानं? तिनं तारीख दिलीच होती की.

जया : अहो, रडू नका असे. लोक पाहून राहिले.

सुखदेव : पाहू देत.

जया : आला प्रज्ञेश. काय रे? काय झालं? बोल ना.

प्रज्ञेश : मुलगी आहे.

जया : रडली?

प्रज्ञेश : नाही.

जया : नाई म्हणजे?

प्रज्ञेश : श्वासच घेत नव्हती, आई. खूप वेळ पाठ चोळत होते, नळी घातली. आता काचेच्या पेटीत ठेवलंय, मशीनवर. ठोके आहेत. मॅडम म्हणाल्या, आजचा दिवस निभावला पाहिजे, त्यापुढचं आत्ता काही सांगता येणार नाही.

सुखदेव : आणि शर्मिला?

प्रज्ञेश : ती बरी आहे. शुद्धीवर येतेय. मला बघितलं आणि विचारलं, सात तारीख झाली का?

सुखदेव : काय सांगितलंस?

प्रज्ञेश : तिचा हात धरला आणि इकडे आलो.

सुखदेव : जा परत. सांग तिला, सहाच आहे. सांग, बाबा म्हणाले सहाच हवी होती. आज रात्री, उद्या, कधीही विचारलं तरी हेच सांग. आणि तिला म्हणावं, चूक तिची नाही. तुझीही नाही.

प्रज्ञेश : तुम्ही सांगा ना तिला.

सुखदेव : येतो. आधी मला पोरीला बघू दे. कुठे ठेवलंय?

प्रज्ञेश : कॉरिडॉरच्या टोकाला. आत सोडत नाहीत, बाहेरून काचेतून दिसते. मी शर्मिलाकडे जातो.

जया : या इकडं. ते पाहा, भिंतीजवळची पेटी. नाकात नळी हाय ते आपली. बोटं पाहा किती बारीक.

सुखदेव : हलतेय का?

जया : छाती हलते. मशीननं हलते का तिची ती, मले समजत नाई.

सुखदेव : ऐक गं पोरी. मी तुझा आजोबा. आजच्या तारखेला आमच्याकडे एक मरण आहे, ते आम्हाला जन्मभर पुरलंय. दुसरं नको. तू आज जायचं नाहीस.

जया : अहो, एवढ्या जाड काचेतून तिले ऐकू जाईल का?

सुखदेव : जात नसेल. तरी बोलू दे मला.