आवडीचं चित्र

अहो, साठ सालच्या आसपासची गोष्ट. आचरे गावातल्या आमच्या घरी रंगकाम चाललेलं, म्हणून टोपलीवालीचं जुनं चित्र अंगणात ठेवलं होतं. मासे घेऊन जानकी आली, तशी आई म्हणाली, "अगो, ही अगदी तुज्यासारखीच दिसता!"

वडिलांनी ते मसुऱ्याच्या वैद्यांकडून घेतलेलं. चित्रातली बाई कोण, हे विचारायला चित्र आणि जानकीला घेऊन ते तिथे गेले. वैद्यांची म्हातारी आई म्हणाली, "आमच्याकडे औषधाक इललो एक चितारी, तेणा काढल्यान. ही आचऱ्याची आवडी. पयल्याच बाळंतपणात गेली बिचारी."

आवडी म्हणजे जानकीची आई. जानकीने तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. वडिलांनी चित्र तिलाच दिलं. पन्नाशीची जानकी त्या कोवळ्या चेहऱ्यावरून हात फिरवत म्हणाली, "आये, तू तर माज्या लेकीएवढी गो!"