जज्जाला दुसरं पत्र

तेजश्री : काकी, आधी मला सांगा, हे पत्र तुम्ही कुणाला विचारून पाठवलंत?

रंगूबाई : कुणाला इचारायचं? माझा इंद्या अमेरिकेच्या कोठडीत तीन महिनं पडलाय. त्याला सोडा म्हणाया आईला परमिशन लागती व्हय? शेजारच्या स्मिता मॅडमनी इंग्रजीत लिवून दिलं. पत्ता तुझ्याच त्या केसच्या फायलीतला.

तेजश्री : थेट कोर्टाला? वकिलांना न दाखवता? काल सरकारी वकिलानं ते जज्जसमोर वाचून दाखवलं. दादाचा जामीन नाकारला.

हौसेराव : नाकारला? माझ्या पोरानं काय दरोडा घातलाय? व्हिसा संपला, एवढंच ना?

तेजश्री : तात्या, त्याला देशाबाहेर काढायची केस चालू आहे. ती संपेपर्यंत आत ठेवायचं का बाहेर सोडायचं, एवढाच कालचा प्रश्न होता. जज्ज दोन गोष्टी बघतो. माणसापासून लोकांना धोका आहे का, आणि सोडला तर तारखांना येईल का पळेल. दादाचं काम, घर, मित्र सगळं तिकडंच आहे, तो कुठं जाणार नाही, हे आपले वकील दाखवत होते. आणि काकींनी काय लिहिलंय, ऐका. 'इथं त्याची खोली तयार आहे. मुलगी बघून ठेवली आहे. गावी दोन एकर बागायत आहे. सुटला की पहिल्या विमानानं येईल.'

हौसेराव : झालं! करायला गेली गणपती अन् झाला मारुती!

रंगूबाई : अवो, आपल्याकडं जामिनाला हेच इचारत्यात की! घरदार हाय का, जमीन हाय का, मागं माणसं हायती का. मला वाटलं, जज्ज म्हणंल चांगल्या घरचं पोर हाय.

तेजश्री : तिकडं तेच उलटं पडलं. जज्ज म्हणाला, याचं सगळं भारतात आहे, मग हा आमच्या तारखांना कशाला थांबेल?

हौसेराव : मग येऊ दे की हिकडं! धाडा म्हणावं. तुर्भ्याच्या मार्केटात पोती उचलून वाढवलाय त्याला. दोन घास मला जड न्हाईत.

तेजश्री : तात्या, त्याला यायचं नाही. तो लढणार म्हणतोय. केसला वर्ष लागलं तर वर्षभर आत. वकील परत एकदा अर्ज करतायत, पण काकींचं नवीन पत्र पाहिजे. शपथेवर. त्याला इकडं ओढणारं काही नाही, असं.

हौसेराव : म्हंजे आईनं शपथ घिऊन खोटं बोलायचं?

तेजश्री : खोटं अजिबात नाही चालणार. खरं तेच लिहायचं.

(रंगूबाई तेजश्रीसमोर कोरा कागद सरकवते.)

रंगूबाई : तेजू, पेन घे. लिव. नऊ वर्सं झाली, पोरगा एकदाबी आला न्हाई.

हौसेराव : अगं...

रंगूबाई : तुमी गप बसा. ह्यांचं बायपास झालं, आला न्हाई. आजी गेली, तर मोबाइलवर दोन मिन्टं तोंड दावलं. हे घर आमी घेतलं, त्याचा उंबरा त्यानं बगितला न्हाई. मुलगी म्या बगितली, त्यानं फोटू उघडला न्हाई.

तेजश्री : काकी, व्हिसा गेल्यावर इकडं आला असता तर त्याला परत जाता आलं नसतं हो.

रंगूबाई : व्हिसा दोन वर्सांमागं गेला. आदली सात वर्सं कुणी धरलं हुतं त्याला?

हौसेराव : अगं, पण असलं काय भर कोर्टात वाचत्याल ते! लाज न्हाई वाटायची?

रंगूबाई : वाचू द्या. जीव जळतोय माझा, पण सुटंल तरी. आनि लिव, शेतीचं त्यानं कंदी नाव काढलं न्हाई. आता वाचून दाव.

तेजश्री : नको काकी. सगळं आलंय. खाली नाव घालू? 'इंद्रजितची आई' असं?

रंगूबाई : नगं. रंगूबाई हौसेराव शेडगे, येवढंच घाल. आई लिवलंस तर जज्जाला वाटंल, कुनीतरी अजून वाट बगतंय.