लिंबाखालची स्ट्रॉबेरी

सासऱ्यांनी कौतुकानं काही करायला घेतलं की मला धडकीच भरते, बायांनो. औंदा तामलवाडीला घरामागं मी स्ट्रॉबेरीची सहा रोपं लावली. आपल्याकडचं ऊन त्यांना सोसत नाही, म्हणून मुद्दाम कडुलिंबाच्या झाडाखाली लावली. फळं धरली आणि मी दोन दिवस माहेरी वाशीला गेले.

परत येऊन बघते तर लिंब बोडका! फांद्यांचा ढीग पडलेला, रोपांनी माना टाकलेल्या आणि आमचे मामा, म्हणजे सासरे, कुऱ्हाड टेकवून खुशीत उभे.

"सूनबाई, बघ कसं ऊन आणलं तुझ्या रोपांना!"

"अहो मामा, सावलीसाठीच तर तिथं लावली होती!"

"सावलीत पीक येतंय व्हय? जल्मभर ज्वारी केली म्या. झाडाखाली कणीस भरल्यालं कधी बघितलं न्हाय."

असं म्हणाले खरं, पण चेहरा पार उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी बाज बाहेर काढली, मोठी काळी छत्री उघडली आणि रोपांवर धरून बसले. आता छत्री सोडून उठता येईना, म्हणून तिथनंच दर तासाला हाक, "सूनबाई, चहा!"

आठवडाभर हेच. रोपं सावरली, पण आमचं दूध पुरेना. शेवटी एका दुपारी पाचव्यांदा आधण ठेवताना सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"लिंब बरा होता गं. इतकी वर्षं सावली दिली, पण कधी चहा मागितला न्हाय."